परग्रहाचा सेनापती, खर्च पाच हजार

गेल्या डिसेंबरात भाच्याच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात एक विज्ञाननाटिका बसली. दूरच्या ग्रहावरचा सेनापती उजनीचं पाणी पळवायला येतो आणि सोलापूरची पोरं त्याला अडवतात, अशी गोष्ट. जिथं नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी येतं, तिथल्या मुलांना याहून मोठा खलनायक कुठून सुचणार? सेनापतीचं काम भाच्याकडे आलं आणि ताईचा फोन आला, "तू बघ बाबा त्याच्या ड्रेसचं. बाईंनी चिलखत पाहिजे म्हणून सांगितलंय, आणि तोंडपण रंगवायचंय."

तीन आठवडे हातात होते. त्या तीन आठवड्यांत काय लागलं, कुठं किती गेले आणि कुठं हात आखडता घ्यायचा नाही, ते इथं मांडतो आहे. दर सोलापुरातल्या त्या वेळच्या खरेदीचे आहेत. दुकानागणिक दहा-वीस टक्के इकडेतिकडे होतील.

आधी तयार काय मिळतं ते पाहिलं. भाड्याच्या ड्रेसवाल्यांकडे शिवाजी महाराज, झाशीची राणी, राम, रावण, वारकरी असे पोशाख लगेच मिळतात. दिवसाचे दोनशे ते पाचशे रुपये आणि तेवढीच किंवा दुप्पट अनामत. परग्रहवासी मागितला तर बहुतेक ठिकाणी चंदेरी कागदाचा रोबो पुढे येतो. ऑनलाइन दीड ते साडेतीन हजारांत मुखवट्यासह पोशाख मिळतो, पण त्यातलं चिलखत पातळ पॉलिस्टरवर छापलेलं असतं. फोटोत उठून दिसतं, रंगमंचावर चौथ्या रांगेतून नुसतं करडं कापड. कॉमिक कॉनसारख्या मेळ्यांसाठी असे वेश करून देणारे कारागीर मुंबई-पुण्यात आहेत. भारतात पहिलं कॉमिक कॉन २०११ मध्ये दिल्लीत भरलं आणि तेव्हापासून हा छंद आपल्याकडेही चांगला रुजला. त्यांचं काम सुंदर असतं, पण संपूर्ण चिलखताला पंधरा हजारांच्या आत कोणी हात लावत नाही, आणि तेराव्या वर्षी मुलगा वर्षात चार बोटं वाढतो. तेव्हा घरीच करायचं ठरलं.

या सगळ्या कामातून मला एक गोष्ट पक्की कळली. चिलखत जेवढं स्वस्तात होईल तेवढं करा, पण कातडीला लागणाऱ्या वस्तूवर एक रुपयासुद्धा वाचवू नका. घरोघरी याच्या उलट होतं. मुखवट्यावर आणि चकाकीवर दोन हजार जातात आणि तोंडाला साठ रुपयांची रंगाची डबी येते.

खलनायकाला महागडं साहित्य लागतं हा समजही काढून टाका. 'स्टार वॉर्स'मधला डार्थ व्हेडर १९७७ मध्ये पडद्यावर आला. वेशभूषाकार जॉन मोलो यांनी त्याचा पहिला वेश जुळवला तो मोटरसायकलचा काळा सूट, जर्मन शिरस्त्राण, गॅस मास्क आणि कपडेपटातला संन्याशाचा झगा अशा हाताशी असलेल्या वस्तूंतून. त्या चित्रपटासाठी त्यांना ऑस्करही मिळालं. आपल्याकडचा 'मिस्टर इंडिया'तला मोगॅम्बो घ्या, १९८७ चा. त्याच्या अंगावर चिलखत नाहीच. त्याचा सगळा दरारा शिवणकामात आहे, ताठ गळपट्टीत आणि सोनेरी वेलबुट्टीत. तो पोशाख शिवला आपल्या माधव अगस्ती यांनी, नागपूरहून मुंबईत गेलेल्या मराठी शिंप्याने. गणवेश आणि तयार कपडे शिवणाऱ्या सोलापूरला हे वेगळं सांगायला नको. चांगला शिंपी आपल्याकडे गल्लोगल्ली आहे, आणि या कामात तो चिलखताइतकाच उपयोगी पडतो.

चिलखत : चपलेचा फोम

चिलखत ज्यातून करायचं तो फोम म्हणजे ईव्हीए, चपलेच्या तळव्याला वापरतात तोच. चपलांचा कच्चा माल विकणाऱ्या दुकानात त्याचे मोठे ताव मिळतात, पण एका पोशाखाला अख्खा ताव लागत नाही. खेळाच्या सामानाच्या दुकानातली सहा मिलीमीटरची योगा मॅट घ्या. साधारण साडेतीनशेला मिळते, पाचफुटी मुलाला दोन पुरतात. खांदे आणि छातीची पाटी जाड हवी, त्यासाठी लहान मुलांच्या खोलीत अंथरतात ते दोन बाय दोन फुटांचे एकमेकांत अडकणारे तुकडे. मला एक तुकडा एकशेऐंशीला पडला.

मॅट घेताना वेष्टनावर ईव्हीए लिहिलंय का ते बघाच. पीव्हीसीची मॅट जड असते आणि गरम केली की तिचा धूर घशाला लागतो. एनबीआरची फार मऊ, आकार धरत नाही. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातून येतो तो पांढरा फोमही नको, त्याला गोंद धरत नाही आणि उष्णतेने तो आक्रसतो. थर्माकोल तर सोडूनच द्या. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, शिवाय स्प्रेचा रंग लागला की तो डोळ्यांदेखत विरघळतो.

माप घ्यायला टेप नको, साचा घ्या. भाच्याला जुना टी-शर्ट घातला, वरून वर्तमानपत्राचे कागद गुंडाळले आणि त्यावर सगळीकडे पॅकिंगची चिकटपट्टी मारली. मग मार्करने छाती, खांदा, पोट, पाठ अशा रेषा आखल्या आणि बाजूने कापून ते कवच अंगावरून उतरवलं. आखलेल्या रेषांवर कापलं की सपाट तुकडे निघतात आणि ते फोमवर ठेवून आखायचे. जोडाच्या दोन्ही कडांवर आधीच आडव्या खुणा करून ठेवा. नाहीतर डावा खांदा उजवीकडे जातो आणि फोम फुकट जातो.

आता यातला सगळ्यात सुंदर भाग. कटरने फोमवर अर्ध्या जाडीची एक चीर द्यायची, आरपार नाही. मग तिच्यावरून हीट गन फिरवायची. दोन-तीन सेकंदांत फोमचा खरखरीतपणा जातो, पृष्ठभाग किंचित चमकायला लागतो आणि ती बारीक चीर आपोआप उघडून तिची स्वच्छ खाच होते. अगदी धातूचे दोन पत्रे शेजारी बसवल्यासारखी. तुकडा गरम असतानाच गुडघ्यावर दाबून धरला की खांद्याचा गोलवा येतो आणि थंड झाल्यावर तसाच राहतो. भाच्याचा मित्र शेजारी बसून बघत होता. त्याने तो तुकडा हातात घेतला, टिचकी मारली आणि म्हणाला, "लोखंडच वाटतंय बे!"

हीट गन नवी हजाराच्या आसपास येते. ती विकत घेऊ नका. गाड्यांवर स्टिकर लावणाऱ्या रेडियमवाल्याकडे ती असतेच. ओळखीच्याकडून एका रविवारी आणली तर काम भागतं. केस वाळवायच्या ड्रायरने हे होत नाही.

गोंद पिवळा, रबरी. फेव्हिकॉलचा एसआर मागा. अर्धा लिटर दोनशेसाठला मिळाला. दोन्ही कडांना पातळ थर लावायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासा झाला की मगच कडा एकमेकींना दाबायच्या. ओला असताना जोडलं तर सुटतं. त्याचा वास डोक्यात जातो आणि तो पेट घेतो, म्हणून हे काम गच्चीवर करा. स्वयंपाकघरात गॅस चालू असताना तर मुळीच नको. मुलांना कापायला, रंगवायला द्या. गोंद आणि हीट गन मोठ्यांच्याच हातात.

रंग थेट फोमवर मारला की तो शोषला जातो आणि वाकवल्यावर तडे जातात. पांढरा फेव्हिकॉल पाण्यात पातळ करून तीन-चार हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. वर एक काळा स्प्रे, अडीचशेचा. त्यावर कोरड्या ब्रशने चंदेरी आणि तांबूस ॲक्रिलिक फक्त कडांना ओढायचं. ब्रशवरचा बहुतेक रंग आधी कागदावर पुसून टाकायचा, मग उरलेला घासायचा. अनेक लढाया पाहिलेलं जुनं चिलखत या शेवटच्या अर्ध्या तासात तयार होतं. शंभर-सव्वाशे रुपयांच्या दोन बाटल्या, पण सगळा फरक त्यांचाच.

शिरस्त्राणाला पाया म्हणून बांधकामावरचं पिवळं हेल्मेट घेतलं, एकशेऐंशीचं. त्यात आतून पट्ट्यांची जाळी असते. डोकं आणि कवच यांच्यात हवा खेळते आणि पट्टा आवळून माप बदलता येतं. वरून फोमचे तुकडे चिकटवले. चेहरा उघडा ठेवला, कारण संवाद मागच्या रांगेपर्यंत पोचायचे होते.

कापड आणि मास्तर

चिलखताच्या आत काळा पूर्ण बाह्यांचा सुती टी-शर्ट आणि पँट, मिळून साडेचारशे. झग्यासाठी नवी पेठेतून चार मीटर काळं कापड घेतलं, नव्वद रुपये मीटरने. चकाकणारं सॅटिन घेऊ नका. प्रकाशात ते करडं दिसतं आणि खलनायकाचं वजनच जातं. शिवायला पूर्व भागातल्या मास्तरांकडे गेलो. अडीचशे रुपये ठरले. त्यांनी चिलखत हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "साहेब, झगा गळ्याला बांधू नका, पोराला फास बसंल. खांद्याला आतून पट्टा घ्या आन् वेल्क्रो लावा, कुणी ओढलं तर सुटून येईल." हे मला सुचलं नव्हतं. नाटिकेत शेवटी पाच मुलं सेनापतीवर धावून जातात. झगा खरंच ओढला गेला आणि सुटून आला.

आणखी एक वस्तू सोलापुरातच सुचेल अशी. इथल्या चादरीसारखंच टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे. त्या टेरीचे तीन लहान नॅपकिन शंभर रुपयांत घेतले आणि खांद्यांच्या आत व हेल्मेटच्या कपाळपट्टीला वेल्क्रोने लावले. घाम टिपतात, फोम टोचत नाही आणि काढून धुता येतात.

चेहरा

दोन वर्षांपूर्वी गणपतीत आमच्या मंडळाच्या जिवंत देखाव्यासाठी मी एका दुकानातून चंदेरी रंगाची डबी आणली होती. साठ रुपयांची, वर ना उत्पादकाचं नाव, ना तारीख. ज्या मुलाला लावली त्याच्या गालांवर रात्री लाल चट्टे उठले. चार दिवस औषध लावावं लागलं. त्याच्या आईने मला एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि ते मला आजही लागतं.

धातूसारख्या रंगाचा धोका फार जुना आहे. १९३९ च्या 'द विझर्ड ऑफ ऑझ' या चित्रपटात पत्र्याच्या माणसाचं काम आधी बडी एब्सन यांच्याकडे होतं. चेहऱ्यावर लावलेल्या ॲल्युमिनियमच्या भुकटीने त्यांना श्वास घेणं अवघड झालं आणि रुग्णालयात भरती व्हावं लागलं. भूमिका दुसऱ्याकडे गेली आणि त्याच्यासाठी भुकटीऐवजी मलमासारखा रंग तयार केला. म्हणून चंदेरी भुकटी चेहऱ्यावर उधळायची नाही. दुकानात ती रांगोळीशेजारी कितीही स्वस्त मिळो.

घेताना डबी उलटी करून वाचा. उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि घटकांची यादी असलीच पाहिजे. परदेशी माल असेल तर आयात नोंदणी क्रमांक. यातलं काही नसेल तर ती डबी तिथंच ठेवा. पक्कं बिल मागा. बिल असेल तर फसवणुकीची तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते. बिलाशिवाय हातात काहीच राहत नाही.

पाण्यात कालवायच्या फेस पेंटचा संच साडेपाचशेला घेतला. मुलांसाठी हाच बरा, कारण साबणाने निघतो. पण घामानेही तो ओघळतो. तासाभराहून मोठा प्रयोग किंवा गणपतीतला उघड्यावरचा देखावा असेल तर तेलकट पॅनस्टिक हवी. नाटकवाले बहुधा क्रायोलान वापरतात, १९४५ मध्ये बर्लिनमध्ये सुरू झालेली कंपनी. एक कांडी नऊशे ते तेराशेला पडते, पण एका चेहऱ्याला थोडीच लागते. चार-पाच कुटुंबांनी वर्गणी काढून घेतली तर परवडते. तिच्यावर पावडर दाबावीच लागते आणि ती काढायला कोल्ड क्रीम लागतं.

सेनापतीच्या गालांवर खवले हवे होते. द्रव लेटेक्सचा थर, त्यावर टिश्यू पेपरचा फाडलेला तुकडा, पुन्हा लेटेक्स, असे तीन थर दिले आणि प्रत्येक वेळी थंड हवेने वाळवलं. चिमटीने सुरकुती पाडली की कातडी जुनी, कोरडी, या पृथ्वीवरची नसलेली दिसते. शंभर मिलीलीटर साडेतीनशेला, त्यातलं निम्मंही संपलं नाही. याचे नियम मात्र कडक पाळा. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून चोवीस तास बघा. फुगा फुगवताना ओठ खाजणाऱ्या मुलाला लेटेक्स लावूच नका. भुवया आणि केसांच्या कडांना आधी व्हॅसलीन लावा, नाहीतर केस उपटून येतात. डोळ्यांजवळ नको, त्याच्या वासाने पाणी येतं. दहा वर्षांखालच्या मुलांना लेटेक्स मुळीच नको. त्यांच्यासाठी फोमची शिंगं हेअरबँडला चिकटवा. फेव्हिकॉल, फेव्हिक्विक, ॲक्रिलिक, यातलं काहीही चेहऱ्याला लावायचं नाही. रंगीत कॉन्टॅक्ट लेन्सही नको. नेत्रतज्ज्ञाने बसवून दिल्याशिवाय त्या डोळ्यात घालणं म्हणजे बुबुळाला जखम ओढवून घेणं. डोळ्यांभोवती काळं काजळ आणि खाली राखाडी छटा दिली तरी नजर भेदक होते.

हाताने जमणार नसेल तर हौशी नाटकवाल्यांच्या रंगभूषाकाराला बोलवा. सोलापुरात राज्य नाट्य स्पर्धा आणि बालनाट्य स्पर्धा होत असल्याने ही माणसं सापडतात. हुतात्मा स्मृती मंदिरात प्रयोग करणाऱ्या कोणत्याही संस्थेला विचारा. एका चेहऱ्याचे पाचशे ते दीड हजार घेतात. नवरीचा मेकअप करणारी पार्लरवालीही रंग छान मिसळते, पण लेटेक्स तिने आधी हाताळलंय का ते विचारून घ्या.

ऊन

संमेलन डिसेंबरात असतं म्हणून निभावतं. उन्हाळी शिबिरात पारा बेचाळीसच्या वर असताना असा पोशाख घालायचा असेल तर फक्त छातीची पाटी आणि खांदे ठेवा, पाठ उघडी सोडा. 'अलबत्या गलबत्या'त चेटकीण करणाऱ्या वैभव मांगले यांना २०१९ च्या उन्हाळ्यात सांगलीच्या प्रयोगात रंगमंचावरच चक्कर आली होती. ते तर रोज काम करणारे नट. फोममधून वारा अजिबात जात नाही. तालमीत एकदा पूर्ण पोशाख घालून वीस मिनिटं वावरायला लावा आणि मुलाचा चेहरा बघा. पाणी घेऊन एक माणूस विंगेत उभा हवाच, आणि चिलखत अर्ध्या मिनिटात उतरलं पाहिजे. म्हणून बाजूला बकल नको, वेल्क्रो हवा.

हिशेब

चिलखत आणि शिरस्त्राण मिळून २,२७० रुपये. यात फोमचे १,०६०, दोन्ही गोंदांचे ३९०, रंगांचे ३७०, हेल्मेटचे १८० आणि कटर, पॉलिश पेपर, वेल्क्रो, इलॅस्टिकचे २७०. कापड, शिलाई आणि नॅपकिन १,१६०. चेहऱ्याचं सगळं १,२००. यात कापूस, स्पंज आणि कोल्ड क्रीमचे २०० आणि पावडरीचे १०० धरले आहेत. छातीत चमकणारी दिव्यांची माळ आणि सेल १५०. रिक्षा आणि कुरिअर २५०. एकूण ५,०३०. वेळ दोघांचा मिळून तीस तासांच्या आसपास गेला. चेहऱ्याला प्रयोगाच्या दिवशी एक तास.

एवढे जमत नसतील तर अडीच हजारांतही होतं. फोमऐवजी कपड्याच्या दुकानातले जाड पुठ्ठे आणि फ्लेक्सवाल्याकडचे सनबोर्डचे उरलेले तुकडे वापरा. ते तो नाममात्र पैशांत देतो. हेल्मेट गाळा, कपडे घरचे घ्या, लेटेक्स सोडा. फेस पेंटचे साडेपाचशे मात्र तसेच ठेवा.

भाड्याने घेणार असाल तर पोशाख दुकानातच उलगडून त्याचे फोटो काढा, अनामतीची पावती लेखी घ्या आणि परत करायची वेळ तीवर लिहून घ्या. आधीच फाटलेल्या अस्तराचे पैसे कापून घेतल्याच्या तक्रारी अनेक पालकांकडून ऐकल्या आहेत.

प्रयोगानंतर एक काम राहतं. पोरगं टाळ्यांच्या नादात तसंच जेवायला पळतं. त्याला धरून बसवा. लेटेक्स ओढून काढू नका, कोमट पाण्याचा बोळा कडेला धरा, मग ते सालासारखं सुटतं. त्यानंतर कोल्ड क्रीम, मग साबण, मग खोबरेल.

चिलखत पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका, उन्हाळ्यात सांधे सुटतात. आमच्या सेनापतीचं चिलखत कॉटखाली आहे, जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून. भाचा आता त्यात मावत नाही. यंदा शेजारच्या शाळेने मागितलंय, आणि मास्तरांकडे झगा दोन इंच आखूड करायला दिलाय.